विश्लेषण : प्रदर्शनातला श्वान फोटोत इतका देखणा कसा दिसतो? आणि त्या फोटोवर किती भरवसा ठेवायचा?

चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा किंवा अहेरीत राहणाऱ्या एखाद्याला चांगल्या जातीचे पिल्लू हवे असेल, तर तो आधी मोबाइलवर फोटो मागवतो. पिल्लाच्या आई-बापाचा म्हणून जो फोटो येतो, तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. चार पाय रोवून आडवा उभा असलेला श्वान, ताणलेली मान, चमकणारे केस, बाजूला चषक आणि रिबिनीचे फूल. हा फोटो खोटा नसतो, पण तो एका ठरावीक कामासाठी, ठरावीक पद्धतीने तयार केलेला असतो. ते काम कोणते, ती पद्धत काय आणि या फोटोतून काय कळत नाही, याचा हा आढावा.

आडवा उभा फोटोच का काढतात?

व्याघ्रप्रकल्पालगत राहणाऱ्यांना हे सहज समजेल. ताडोबात वाघांची मोजदाद करताना वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे लावतात. वाघ त्यांच्यामधून गेला की त्याच्या दोन्ही कुशींचे फोटो मिळतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून ओळख पटवायला समोरून काढलेल्या ऐटबाज फोटोपेक्षा बाजूने काढलेला साधा फोटो जास्त उपयोगी पडतो.

श्वानप्रदर्शनातला आडवा फोटोही याच कारणाने निघतो. पाठीची रेषा सरळ आहे की उतरती, छाती किती खोल, मानेची लांबी किती, खांदा आणि मागचा पाय कोणत्या कोनात आहे, उंचीच्या मानाने शरीर किती लांब, हे सगळे बाजूनेच दिसते. म्हणजे मुळात तो मोजमापाचा फोटो आहे. फरक एवढाच, की ताडोबातल्या वाघाला कोणी उभे करत नाही. प्रदर्शनातल्या श्वानाचा एकेक पाय माणूस हाताने जागेवर ठेवतो.

ही प्रदर्शने सुरू कधी झाली?

आजच्या पद्धतीच्या प्रदर्शनांची सुरुवात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये झाली, असे मानले जाते. तेथे फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या. १८७३ मध्ये ब्रिटनचा ‘केनेल क्लब’ स्थापन झाला. न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन १८७७ मध्ये, तर ‘क्रफ्ट्स’ या नावाचे पहिले प्रदर्शन १८९१ मध्ये लंडनला भरले. ही दोन्ही प्रदर्शने आजही जगात सर्वाधिक पाहिली जातात.

भारतात चेन्नई येथे मुख्यालय असलेली ‘केनेल क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था वंशावळीची नोंद ठेवते. तिच्याशी संलग्न क्लब मुंबई, पुण्यासह निरनिराळ्या शहरांत प्रदर्शने भरवतात. उन्हामुळे आपल्याकडे प्रदर्शनांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा असतो.

रिंगणात परीक्षक नेमके काय पाहतात?

सर्वांत सुंदर श्वान निवडण्याची ही स्पर्धा आहे, हा मोठा गैरसमज. प्रत्येक जातीचे एक लिखित मानक असते. डोके, दात, डोळे, छाती, पाठ, शेपटी, केस, चाल, स्वभाव यांचे वर्णन त्यात असते. परीक्षक समोरच्या श्वानाची तुलना शेजारच्या श्वानाशी करण्याआधी या मानकाशी करतो. म्हणूनच लॅब्रॅडॉर आणि पग यांच्यातून अखेरीस एक विजेता निवडता येतो. आपापल्या मानकाच्या जास्त जवळ कोण, एवढाच प्रश्न असतो.

आधी एकाच जातीचे श्वान वयोगट आणि वर्गांनुसार स्पर्धेत उतरतात. त्यातून त्या जातीचा सर्वोत्तम श्वान ठरतो. मग समान कामाच्या किंवा ठेवणीच्या जातींचे गट होतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत असे दहा गट आहेत. गटविजेत्यांतून शेवटी ‘बेस्ट इन शो’ निवडला जातो. आपल्याकडे भारतात जन्मलेल्या श्वानांसाठी ‘ब्रेड इन इंडिया’ हा वेगळा वर्गही असतो.

परीक्षक श्वानाला हात लावून तपासतो. ओठ वर करून दातांची ठेवण पाहतो, खांदे आणि फासळ्या चाचपतो, नरांचे वृषण पाहतो. लहान जाती टेबलावर तपासल्या जातात. लांब केसांच्या जातीत हे हाताने चाचपणे फार महत्त्वाचे ठरते, कारण केस कापण्याच्या कौशल्याने पाठीचा खड्डा किंवा आखूड मान डोळ्यांपासून लपवता येते, हातापासून नाही. त्यानंतर श्वानाला चालवून, पळवून पाहतात. सरळ जाऊन परत येताना पाय आत-बाहेर पडतात का ते दिसते. गोलात पळताना पाठ स्थिर राहते का आणि पावले किती लांब पडतात ते कळते. एका श्वानाच्या वाट्याला हे सगळे मिळून जेमतेम काही मिनिटे येतात.

‘स्टॅक’ म्हणजे काय?

श्वानाला ठरावीक पवित्र्यात उभे करणे म्हणजे ‘स्टॅक’. बहुतेक जातींत पुढचे दोन्ही पाय खांद्याखाली सरळ खांबासारखे असावे लागतात. मागच्या पायांचा घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीशी काटकोनात, दोन्ही पाय समांतर. मान वर, नजर समोर. जर्मन शेफर्डचा पवित्रा वेगळा. त्याचा एक मागचा पाय पोटाखाली पुढे आणि दुसरा मागे ताणलेला असतो.

हे दोन प्रकारे करतात. एकात श्वानाला रिंगणात आणणारा माणूस, म्हणजे हँडलर, गुडघ्यावर बसून हाताने एकेक पाय ठेवतो. दुसऱ्यात श्वान समोरच्या खाऊकडे पाहत स्वतःहून नीट उभा राहतो. भाजलेल्या कलेजीचा बारीक तुकडा हँडलरच्या मुठीत किंवा खिशात असतोच. पिल्लू काही आठवड्यांचे असल्यापासून रोज मिनिटभर हा सराव घेतला जातो. परक्या माणसाने तोंडात बोट घातले तरी न बिचकणे हाही सरावाचाच भाग.

हँडलरचे कपडेसुद्धा विचार करून ठरतात. काळ्या श्वानामागे काळी पँट असेल तर पाठीची रेषा हरवते, म्हणून फिकट रंग. आवाज न होणारे, न घसरणारे बूट. श्वान कायम परीक्षक आणि हँडलर यांच्या मध्ये राहिला पाहिजे, हा पहिला नियम. चांगला हँडलर तोच, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

फोटोग्राफर काय करतो?

विजेत्याचा फोटो ही प्रदर्शनातली वेगळीच धांदल असते. मोठ्या प्रदर्शनांत त्यासाठी अधिकृत फोटोग्राफर आणि ठरलेला कोपरा असतो. मागे साधा पडदा, खाली न घसरणारी चटई, बाजूला तारीख आणि किताबाची पाटी. एका बाजूला हँडलर, दुसऱ्या बाजूला रिबिनीचे फूल घेतलेला परीक्षक, मध्ये श्वान.

कॅमेरा श्वानाच्या खांद्याच्या उंचीवर येतो, त्यासाठी फोटोग्राफर खाली बसतो किंवा आडवा होतो. उभ्याने वरून फोटो काढला तर डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. दुसरी काळजी अंतराची. अगदी जवळून रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचे नाक फुगते आणि मागचा भाग बारीक होतो. म्हणून लांबून, लांब पल्ल्याच्या भिंगाने फोटो घेतात. त्यामुळे शरीराचे प्रमाण खरे उतरते.

उरतो भाव. श्वान उभा आहे, पण कान पडलेले आणि डोळे कंटाळलेले असतील तर फोटो वाया. अशा वेळी मदतनीस पिपाणीसारखे वाजणारे खेळणे दाबतो किंवा काहीतरी हवेत उडवतो. श्वानाचे कान टवकारतात, मान उंचावते आणि त्याच क्षणी बटण दाबले जाते. हा क्षण एकदाच मिळतो, तिसऱ्यांदा खेळणे वाजले की श्वान ढुंकूनही पाहत नाही. काळ्या श्वानाला कडक उन्हात उभे केले तर तो नुसता काळा ठिपका दिसतो, पांढऱ्याचे केस पांढरे फटक होऊन पोत जातो. त्यामुळे सकाळचा मऊ उजेड किंवा मोकळी सावली पसंत केली जाते.

शेकडो फोटोंतून एक निवडला जातो, मग दोरी पुसली जाते, पार्श्वभूमी साफ होते. इथपर्यंत ठीक. पण त्याच तंत्राने पाठीचा खड्डाही भरता येतो. परीक्षकाच्या हाताची जागा फोटो घेऊ शकत नाही, तो याचसाठी.

फोटोत देखणे दिसणे श्वानाला महागात पडते का?

पडू शकते, आणि हा या विषयाचा गाभा आहे. रिंगणात जे जिंकते त्याचा फोटो पसरतो, ज्याचा फोटो पसरतो त्याच्या पिल्लांना मागणी येते. काही पिढ्यांत अख्ख्या जातीचा आकार त्या फोटोच्या दिशेने सरकतो. नाक थोडे आणखी आखूड, पाठ थोडी आणखी उतरती, सुरकुत्या थोड्या आणखी जास्त.

२००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने वंशशुद्ध श्वानांच्या आनुवंशिक आजारांचे वास्तव दाखवले. गदारोळ इतका झाला, की बीबीसीने पुढच्या वर्षीपासून क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले आणि केनेल क्लबला जातींची मानके पुन्हा तपासावी लागली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये जास्त जोखमीच्या १५ जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्यकांकडून तपासणी सक्तीची झाली. बुलडॉग आणि पेकिनीज यांच्यासह काही जातींचे विजेते तीत नापास झाले. २०१६ मध्ये तेथे आपल्या जातीत सर्वोत्तम ठरलेल्या जर्मन शेफर्डची उतरती पाठ आणि अडखळती चाल पाहून प्रेक्षकच संतापले. उभ्या फोटोत डौलदार दिसणारा उतार चालताना श्वानाला जड जात होता.

नेदरलँड्सने पुढचे पाऊल टाकले. तेथे २०१९ पासून नाकाडाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या श्वानांपासून पैदास करण्यास मनाई आहे. आपल्याकडे याच आखूड नाकाच्या पगला २००३ मधील ‘हच’ मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने घरोघरी पोहोचवले. मुलामागे धावणारा तो पग सर्वांना आवडला. त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, हे मात्र अनेकांना पिल्लू घरी आल्यावर कळले.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या जाती या चौकटीत कुठे बसतात?

श्वानप्रदर्शन म्हणजे फक्त शहरी हौस, असे आपल्याकडे नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबर अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही होते. खंडोबाच्या चित्रांत घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच, त्यामुळे या जागी श्वानाचा मान वेगळा सांगावा लागत नाही.

मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्राची ओळख असलेली जात म्हणजे कारवान. कान-शेपटीला झुपकेदार केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. याच घराण्यातला मुधोळ हाउंड कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा. या जातीच्या संवर्धनाचे श्रेय तेथील घोरपडे संस्थानिकांना दिले जाते. टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय श्वानांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचा उल्लेख केला.

गंमत म्हणजे हे शिकारी श्वान मोबाइलच्या फोटोत अनेकांना उपाशी वाटतात. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत गेलेले पोट, किंचित दिसणाऱ्या फासळ्या, हे त्यांच्या वेगाचे शरीर आहे. ते फोटोत भरलेले दिसावेत म्हणून खाऊ घालून जाड केले, तर परीक्षकाच्या नजरेत ते उतरतात आणि सांध्यांवर भार येतो तो वेगळाच. इथे फोटोची हौस आणि श्वानाचे हित नेमके उलट दिशेला जाते.

गडचिरोलीत श्वानाची परीक्षा कशी होते?

अगदी वेगळी. गडचिरोलीत पोलिसांच्या गस्तीपुढे चालणाऱ्या बॉम्बशोधक पथकातील श्वानाच्या पाठीची रेषा कोणी मोजत नाही. त्याने जमिनीत पुरलेल्या स्फोटकांचा वास ओळखावा आणि न भुंकता, न उकरता शांतपणे बसून इशारा द्यावा, एवढीच अपेक्षा. त्या एका बसण्यावर मागच्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठीही ‘ट्रॅफिक’ ही संस्था २००८ पासून विविध राज्यांच्या वन विभागांसाठी श्वान प्रशिक्षित करून घेते. वाघाचे कातडे, हाडे, हस्तिदंत यांचा वास ते ओळखतात.

याचा अर्थ प्रदर्शने निरर्थक असा नाही. मोकळी चाल, खोल छाती, घट्ट पंजे यांचे मूळ कामातच आहे. पण जिंकलेला फोटो शरीराबद्दल काही सांगतो, नाकाबद्दल, दमाबद्दल आणि धैर्याबद्दल काहीच सांगत नाही.

चंद्रपूरच्या उन्हात फोटोवरून पिल्लू निवडणे धोक्याचे का?

श्वानाला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. आखूड नाकाच्या पग, बुलडॉगमध्ये हवा जाण्याची वाटच अरुंद असते. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्डच्या अंगावर बर्फाळ प्रदेशासाठीचे दुहेरी केस असतात. चंद्रपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रात्रीही भिंती गरम असतात आणि वीज जाते. बर्फाच्या पार्श्वभूमीवरचा हस्कीचा फोटो पाहून पिल्लू आणणाऱ्याने हे चित्र आधी डोळ्यांसमोर आणावे. उष्माघातात श्वान काही तासांत दगावू शकतो आणि गावाकडे तातडीने पशुवैद्यक मिळेलच असे नाही.

त्यामुळे विक्रेत्याकडे उभ्या फोटोऐवजी पुढील गोष्टी मागाव्यात. पिल्लाच्या आईचा सैल दोरीवर चालतानाचा, बाजूने आणि मागून काढलेला व्हिडीओ. ती विसावलेली असतानाचा आवाजासह व्हिडीओ, म्हणजे श्वास घेताना घरघर होते का ते कळेल. नोंदणीची कागदपत्रे, मायक्रोचिप क्रमांक, लसीकरणाची नोंद. मोठ्या जातीत आई-बापाच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे. केंद्राच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ‘महिन्याचे पिल्लू, आजच पाठवतो’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. शक्य असेल तर नागपूर-हैदराबादची एक फेरी मारून पिल्लू आईसोबत पाहावे. पुढच्या बारा-चौदा वर्षांच्या सोबतीसाठी हा एक दिवस जास्त नाही.

आपल्या घरच्या कुत्र्याचा चांगला फोटो कसा काढाल?

सकाळी ऊन चढण्याआधी अंगणात, साध्या भिंतीसमोर त्याला आडवे उभे करा. तापलेल्या सिमेंटवर किंवा डांबरावर नको, पंजे भाजतात. मोबाइल त्याच्या खांद्याच्या उंचीवर धरा. जवळ जाऊन काढण्यापेक्षा चार-पाच पावले मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. फ्लॅश नको. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पिशवी चुरचुरवली की कान उभे राहतील, तेव्हा पाच-सहा फोटो सलग काढा. तो कंटाळला की थांबा. शेपूट पायात घेतलेला किंवा डोळे वटारलेला कुत्रा कोणत्याही फोटोत चांगला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. चांगली पार्श्वभूमी हवी म्हणून पाळीव श्वानाला जंगलाच्या कडेला नेऊ नका. बिबट्यासाठी तो सोपे भक्ष्य आहे. शिवाय श्वानांतला कॅनाइन डिस्टेंपर हा आजार वन्यप्राण्यांतही पसरू शकतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंहांचे मृत्यू झाले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू आढळला होता. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी पाळीव श्वानाचे वेळेवर लसीकरण ही वाघांचीही काळजी आहे.

आणि अंगणातला कुत्रा गावठी असेल तरी हरकत नाही. त्याच्यासाठी कोणतेही मानक लिहिलेले नाही, म्हणून त्याला चषक मिळणार नाही. पण त्याचे नाक लांब आहे, केस आखूड आहेत, चाल मोकळी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तो याच उन्हात जगत आला आहे. रात्री रानाच्या बाजूने काही सरकले तर सर्वांत आधी तोच उभा राहतो, चारही पायांवर, मान वर करून, कान टवकारून. त्याला तसे उभे राहायला कोणी शिकवलेले नसते.